एलएमएसवरच्या तारखा आणि तुमचं काम: सत्रभराचं वेळापत्रक कसं बांधायचं

एलएमएसचा (लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे अभ्यासाची कामं ऑनलाइन देण्याघेण्याची प्रणाली) डॅशबोर्ड उघडला, येत्या सात दिवसांत काही बाकी नाही असं दिसलं, म्हणून निश्चिंत झालात. आणि गुरुवारी वर्गात कळलं की उद्या प्रेझेंटेशन आहे. अशा वेळी विद्यार्थी म्हणतात, "सिस्टिमने दाखवलंच नाही." ते खरंही असतं. सिस्टिमला ते माहीतच नव्हतं. मूडल असो, गूगल क्लासरूम असो की कॅनव्हास, शिक्षकांनी असाइनमेंट किंवा क्विझ तयार करताना तारखेच्या ठरलेल्या रकान्यात जी तारीख भरली, तेवढीच एलएमएसला कळते. सूचनेच्या मजकुरातली तारीख, अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये तिसऱ्या पानावरच्या तक्त्यातली तारीख, तासाला तोंडी सांगितलेली तारीख, यांतली एकही टाइमलाइनवर, म्हणजे येत्या कामांच्या यादीत, आपोआप चढत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. एलएमएस दाखवते ती काम देण्याची, म्हणजे सादर करण्याची, तारीख. ते काम करायला बसायचं कधी, हे तिथे कुठेच लिहिलेलं नसतं. अनेक वर्षं मी एलएमएसवर कोर्स चालवते आहे, आणि उशिरा येणाऱ्या सबमिशनमागे आळस फार कमी वेळा दिसला. बहुतेक वेळा मुदत माहीत होती, पण काम सुरू करायचा दिवस कुठेच नोंदलेला नव्हता. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या दोनच कामांसाठी आहेत: विखुरलेल्या तारखा एका ठिकाणी आणणं, आणि त्या तारखांच्या मागे कामाचे दिवस उभे करणं.

१. पहिली बैठक: प्रत्येक कोर्स शेवटच्या आठवड्यापर्यंत उघडा

सत्राच्या पहिल्या आठवड्यात दीड-दोन तास राखून ठेवा आणि संगणकावर बसा. मोबाइल अ‍ॅप रोजच्या वापराला उत्तम असतं, पण कॅलेंडर जोडणं, नोटिफिकेशन हवी तशी लावून घेणं, वेळक्षेत्र (टाइम झोन) बदलणं यासाठी ब्राउझरच बरा.

आधी गर्दी कमी करा. मूडलमध्ये मागच्या सत्राचे कोर्स यादीतून लपवता येतात आणि चालू कोर्सना तारा देता येतो. कॅनव्हासमध्येही 'ऑल कोर्सेस'च्या पानावर तारे असतात, मात्र तिथे जपून: काही कोर्सना तारा दिलात की बिनताऱ्याचे कोर्स डॅशबोर्डवर दिसेनासे होतात. चालू सत्राचा एखादा कोर्स असा नजरेआड गेला तर त्याचा पत्ता परीक्षेच्या आसपासच लागतो.

मग एक साधी स्प्रेडशीट किंवा वही घ्या आणि एकेक कोर्स वरपासून खालपर्यंत वाचा. रकाने असे ठेवा: विषय, काम, किती गुणांचं, देण्याची तारीख आणि वेळ, त्यानंतर काम घेतलं जाणं कधी बंद होतं, तारीख कुठून मिळाली, किती तास लागतील, आणि सध्याची स्थिती. 'तारीख कुठून मिळाली' हा रकाना फालतू वाटेल, पण तोच पुढे वाचवतो. पीडीएफमध्ये १४ तारीख आणि असाइनमेंटवर १६ तारीख असा फरक वर्षातून दोनचारदा तरी निघतो, कारण शिक्षक बऱ्याचदा मागच्या सत्राचा कोर्स कॉपी करून वापरतात आणि एखादी जुनी तारीख तशीच राहून जाते. फरक दिसला की लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत दोन्हींतली लवकरची तारीख खरी मानून चाला.

तारखा शोधायच्या जागा तुम्हाला माहीत असतीलच: सूचना, अभ्यासक्रमाची फाइल, आठवड्याआठवड्याचे विभाग, असाइनमेंटची यादी. पण एक जागा विद्यार्थी जवळजवळ कधीच बघत नाहीत. ती म्हणजे गुणांचं पान, 'ग्रेड्स'. ते सत्राच्या शेवटी उघडायचं असतं असा समज आहे. खरं तर शिक्षकांनी आधीच मांडून ठेवलेली गुणांची प्रत्येक बाब तिथे पहिल्या दिवसापासून दिसू शकते, तारीख दिलेली असो वा नसो. 'गटचर्चा, १० गुण' अशी ओळ आहे आणि तारखेचा मात्र कुठेच पत्ता नाही, असं दिसलं की समजायचं, हे काम अचानक अंगावर येणार आहे. तुमच्या यादीत ते तारखेविना लिहा, पुढे प्रश्नचिन्ह घाला आणि शिक्षकांना विचारा.

चर्चेच्या फोरमकडे वेगळं लक्ष द्या. तिथे बहुधा दोन मुदती असतात: स्वतःचं मत बुधवारपर्यंत, इतरांना उत्तरं रविवारपर्यंत. सिस्टिमवर मात्र बऱ्याचदा एकच तारीख भरलेली असते, आणि ती असते शेवटची. यादीत त्याच्या दोन ओळी करा.

२. घड्याळ नीट लावा

प्रोफाइलमध्ये जाऊन तुमचं वेळक्षेत्र तपासा. मूडल आणि कॅनव्हास दोन्हींत ते प्रत्येकाला स्वतंत्रपणे बदलता येतं. ते चुकीचं असलं तर सगळ्या मुदती चुकीच्या तासाला दिसतात. दुसऱ्या देशातल्या संस्थेचा ऑनलाइन कोर्स करत असाल तर मुदत कोणत्या वेळेनुसार आहे ते सुरुवातीलाच विचारून घ्या, आणि त्या देशात वर्षातून दोनदा घड्याळं पुढेमागे होत असतील तर तेही लक्षात ठेवा. मार्चमध्ये बरोबर बसलेला हिशेब नोव्हेंबरात एका तासाने चुकू शकतो.

मध्यरात्रीचा घोळ तर नेहमीचाच. मूडलमध्ये नवीन असाइनमेंट करताना मुदतीची वेळ आपोआप ००:०० अशी येते, आणि शिक्षकांनी ती बदलली नाही तर तशीच राहते. 'शुक्रवार, १२ तारीख, ००:००' याचा अर्थ शुक्रवार सुरू होण्याचा क्षण. म्हणजे काम गुरुवारी रात्री झोपण्याआधी जायला हवं. शुक्रवारचा पूर्ण दिवस हाताशी आहे असं समजून बसलेले विद्यार्थी मी दरवर्षी बघते. गूगल क्लासरूममध्ये उलटं आहे. तिथे शिक्षकांनी फक्त तारीख दिली आणि वेळ दिली नाही, तर त्या दिवशीचे रात्रीचे ११:५९ धरले जातात. तुमच्या यादीत ००:०० वाली मुदत असेल तर ती आदल्या दिवसाच्या खात्यात, रात्री ११:५९ अशी लिहून टाका. एकदा लिहिली की डोक्यात दरवेळी हिशेब करावा लागत नाही.

३. कॅलेंडर जोडा, पण फाइल आणू नका, पत्ता जोडा

एलएमएसच्या तारखा तुमच्या रोजच्या कॅलेंडरमध्ये आणण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतला फरक समजून घेणं फार गरजेचं आहे. पहिला मार्ग म्हणजे कॅलेंडरची फाइल डाउनलोड करून ती आपल्या कॅलेंडरमध्ये 'इम्पोर्ट' करणं. ही त्या दिवशीच्या तारखांची छायाप्रत असते. नंतर शिक्षकांनी मुदत बदलली तर तुमच्या कॅलेंडरला ते कळत नाही, जुनीच तारीख तिथे शांतपणे बसून राहते. दुसरा मार्ग म्हणजे कॅलेंडरचा वेब-पत्ता घेऊन त्याचं 'सबस्क्रिप्शन' करणं. तुमचं कॅलेंडर मग ठरावीक काळाने त्या पत्त्यावर जाऊन बदल घेऊन येतं. दुसराच मार्ग घ्या.

मूडलमध्ये कॅलेंडरच्या पानाच्या तळाशी इम्पोर्ट-एक्सपोर्टची लिंक असते. एक्सपोर्ट निवडा, कोणते इव्हेंट हवेत आणि कोणत्या कालावधीचे ते सांगा, आणि डाउनलोडऐवजी 'गेट कॅलेंडर यूआरएल' दाबा. कालावधी निवडताना 'या आठवड्याचे' किंवा 'या महिन्याचे' निवडू नका, कारण पत्त्यातून फक्त तेवढ्याच तारखा येत राहतील. पुढच्या ६० दिवसांचा पर्याय असतो, तो किंवा त्याहून मोठा घ्या. कॅनव्हासमध्ये कॅलेंडरच्या पानावर उजव्या बाजूला 'कॅलेंडर फीड' आहे, तिथे पत्ता मिळतो. गूगल क्लासरूमला यातलं काही करावं लागत नाही; प्रत्येक वर्गासाठी तुमच्याच गूगल खात्यात वेगळं कॅलेंडर तयार होतं. ते कॅलेंडरच्या डाव्या यादीत टिक केलेलं आहे ना, एवढं पाहा.

मिळालेला पत्ता गूगल कॅलेंडरमध्ये टाकायचा तर संगणकाच्या ब्राउझरमधून 'अदर कॅलेंडर्स' समोरचं अधिकचं चिन्ह दाबून 'फ्रॉम यूआरएल' निवडा. फोनच्या अ‍ॅपमध्ये हा पर्याय नाही, पण एकदा ब्राउझरमधून जोडलं की फोनवरही दिसू लागतं. आयफोनच्या किंवा आउटलुकच्या कॅलेंडरमध्येही सबस्क्रिप्शनची सोय आहे. या सगळ्यांत ही ये-जा शक्य होते कारण तारखा लिहिण्याची आयकॅलेंडर नावाची एकच सामायिक पद्धत १९९८ पासून ठरलेली आहे आणि सगळे तीच पाळतात.

दोन गोष्टींची जाण ठेवा. एक, हा बदल लगेच पोहोचत नाही. गूगल कॅलेंडरला नवी तारीख घेऊन यायला कित्येक तास, कधी पूर्ण दिवसही लागतो. आज सकाळी मुदत बदलली असेल तर कॅलेंडरवर विसंबू नका, थेट असाइनमेंटचं पान उघडा. दोन, हा पत्ता कुणाला पाठवू नका. तो ज्याच्या हाती असेल त्याला पासवर्डशिवाय तुमचं कॅलेंडर वाचता येतं. मित्राला मदत करायची असेल तर त्याच्या खात्यातून त्याचा पत्ता काढून द्या.

हे सगळं झालं तरी पहिल्या पायरीतली यादी फेकू नका. सिस्टिमला माहीत नसलेल्या तारखा याही कॅलेंडरमध्ये येणार नाहीत. त्या तुम्हाला हाताने टाकाव्या लागतील.

४. उलट मोजणी: मुदतीपासून मागे या

आता खऱ्या कामाकडे. समजा, २,००० शब्दांचा एक अहवाल शुक्रवारी, २० तारखेला रात्री ११:५९ पर्यंत द्यायचा आहे. एलएमएसवर त्याची एकच ओळ आहे. ती ओळ फोडा.

प्रश्न आणि गुणदानाचे निकष नीट वाचणं, १ तास. वाचन आणि टिपणं, ४ तास. आराखडा, १ तास. पहिला मसुदा, ४ तास. दुरुस्ती, २ तास. संदर्भसूची आणि मांडणी, १ तास. फाइल तयार करून अपलोड, अर्धा तास. बेरीज साडेतेरा तास.

या बेरजेवर विश्वास ठेवू नका. आपण आपल्याच कामाचा अंदाज नेहमी कमी धरतो. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या सवयीला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलं. १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पदवीच्या शेवटच्या टप्प्यावरच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर सुमारे ३४ दिवस आलं. सगळं वाईटात वाईट घडलं तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ दिवसांहून जास्त. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही तोकडा पडला. मी विद्यार्थ्यांना सांगते, तुमच्या तासांना दीडपट करा. साडेतेराचे साधारण वीस धरा. दोन-तीन कामं झाली की तुमचा स्वतःचा गुणक कळेल. कुणाला वाचनाला दुप्पट वेळ लागतो, कुणी मसुदा पटकन लिहितं पण संदर्भांत अडकतं. यादीतल्या 'किती तास' रकान्याशेजारी प्रत्यक्ष लागलेले तास लिहीत गेलात तरच हे कळतं.

आता तारखा. मुदत शुक्रवारची असली तरी तुमची मुदत बुधवार, १८ तारीख. मधले दोन दिवस आजारपण, नेट बंद पडणं, दुसऱ्या विषयाचं अचानक आलेलं काम यांच्यासाठी मोकळे. मंगळवारी १७ ला संदर्भ आणि मांडणी. सोमवारी १६ ला दुरुस्ती. रविवारी १५ ला या कामाला हात लावायचा नाही, कारण स्वतःच्या लिखाणातल्या चुका एक रात्र गेल्याशिवाय दिसत नाहीत. शुक्रवार-शनिवार, १३ आणि १४, पहिला मसुदा. गुरुवारी १२ ला आराखडा. त्याआधीचे चार दिवस, ८ ते ११, वाचन. आणि शनिवारी ७ तारखेला निकष वाचून प्रश्न समजून घेणं.

आता मूडलची टाइमलाइन बघा. तिथे 'पुढचे ७ दिवस' निवडलेलं असेल तर हे काम तुम्हाला पहिल्यांदा दिसेल १३ तारखेला. त्या दिवशी तर वाचन आणि आराखडा संपवून मसुदा सुरू व्हायला हवा. सिस्टिमने वेळेवर आठवण करून दिली, तरीही तुम्ही जवळजवळ एक आठवडा मागे. टाइमलाइनचा कालावधी ३० दिवसांवर ठेवा, आणि मोठ्या कामांसाठी महिन्यातून एकदा तीन महिन्यांचं चित्र बघा.

कामाचे हे दिवस कॅलेंडरमध्ये नेमक्या वेळेसह टाका. 'अहवालावर काम' असं लिहू नका. 'सोमवारी ७ ते ९, दुसऱ्या भागातल्या आकडेवारीची दुरुस्ती' असं लिहा. कॅनव्हासच्या यादीत स्वतःची कामं घालता येतात, मूडलच्या कॅलेंडरमध्येही स्वतःपुरता इव्हेंट करता येतो, पण मी म्हणेन की ही नोंद तुमच्या स्वतःच्या कॅलेंडरमध्येच ठेवा. तिथेच तुमचं बाकीचं आयुष्यही असतं, त्यामुळे लग्नाच्या दिवशी चार तास वाचन करायचं ठरवलंय हे निदान दिसतं तरी.

प्रत्येक कामाला एवढं करायची गरज नाही. पाच गुणांच्या साप्ताहिक प्रश्नमालेला एकच नोंद पुरते. ज्याला तीन तासांहून जास्त लागेल, ते फोडायचं.

५. सूचना कमी करा

सगळ्या नोटिफिकेशन चालू ठेवल्या की आठ दिवसांत तुम्ही त्या न वाचता पुसायला लागता, आणि महत्त्वाची सूचनाही त्यांच्याबरोबर जाते. शिक्षकांच्या घोषणा, मुदतीतला बदल आणि गुण मिळाल्याची सूचना लगेच येऊ द्या. फोरमवरच्या प्रत्येक उत्तराचा ईमेल बंद करा, किंवा मूडलमध्ये प्रोफाइलच्या फोरम सेटिंगमधून दिवसाचा एकच एकत्रित ईमेल निवडा. संस्थेचा ईमेल उघडायची सवय नसेल तर तो रोजच्या ईमेलवर वळवून घ्या, संस्था परवानगी देत असेल तर.

६. आठवड्याची बैठक

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी अर्धा तास. मी रविवारची संध्याकाळ सुचवते, पण ज्या दिवशी तुम्ही खरोखर बसाल तोच वार योग्य. सगळे कोर्स उघडा. डॅशबोर्ड नव्हे, कोर्सच. नवी सूचना, नवी फाइल, बदललेली मुदत आहे का पाहा. यादी आणि सिस्टिम यांचा मेळ घाला. मागच्या आठवड्यात ठरवलेलं काय राहिलं ते नव्या दिवशी हलवा. पुढच्या दोन आठवड्यांत एकाच दिवशी तीन मुदती येत असतील तर त्या आत्ताच दिसतील, आणि त्यातलं एक काम आधीच उरकता येईल.

रोज सकाळी मात्र फक्त आजची कामं बघायची. पूर्ण यादी रोज उघडली तर काम सुरू होण्याआधीच दडपण येतं.

एक सावधगिरी: मूडलमध्ये काही ठिकाणी कामासमोर 'पूर्ण झालं' अशी खूण येते. ती कधी तुम्ही स्वतः लावता, तर कधी पान नुसतं उघडलं तरी आपोआप लागते. शिक्षकांनी काय अट ठेवली आहे त्यावर ते अवलंबून. क्लासरूममधलं 'मार्क अ‍ॅज डन' तर फाइल न जोडताही दाबता येतं. त्यामुळे खुणेवरून काम झालं असं धरू नका. यादीतली स्थिती तुम्ही स्वतः बदला, आणि तीही सबमिशनचा पुरावा पाहिल्यावर.

७. सबमिशन: पाठवलं आणि पोहोचलं यांतला फरक

सगळ्यात जास्त गुण इथे वाया जातात, आणि तेही काम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांचे. म्हणून या पायरीवर रेंगाळू या.

आधी दोन तारखांचा अर्थ. मूडलमध्ये 'ड्यू डेट' म्हणजे काम अपेक्षित असलेली वेळ. ती उलटली तरी काम देता येतं, फक्त 'उशिरा' असा शिक्का बसतो. 'कट-ऑफ डेट' उलटली की दार बंद. कॅनव्हासमध्ये हेच काम 'ड्यू' आणि 'अव्हेलेबल अंटिल' या दोन तारखा करतात. दोन्हींमधल्या काळात गुण कापले जातात की नाही, हे शिक्षक ठरवतात. यादीत दोन्ही तारखा लिहा, पण नियोजन नेहमी पहिलीवर करा. दुसरी तारीख अपघातासाठी असते.

मग सबमिशनची स्थिती. मूडलमध्ये शिक्षकांनी तशी सेटिंग ठेवली असेल, तर फाइल अपलोड करून जतन केल्यावर काम 'ड्राफ्ट' राहतं, आणि वेगळं 'सबमिट' बटण दाबल्यावरच ते तपासणीसाठी जातं. एका विद्यार्थिनीचा मसुदा असाच मुदतीच्या तीन दिवस आधीपासून तिथे पडून होता. तिने उत्तम काम केलं होतं आणि वेळेच्या आत केलं होतं. फक्त शेवटचं बटण राहिलं. तेव्हापासून मी प्रत्येक वर्गाला पहिल्याच तासाला हे बटण दाखवते. 'सबमिटेड फॉर ग्रेडिंग' हे शब्द दिसेपर्यंत काम झालेलं नाही. गूगल क्लासरूममध्येही फाइल जोडणं आणि 'टर्न इन' करणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. शिवाय तिथे 'अनसबमिट' करून दुरुस्ती करता येते, पण मुदतीनंतर असं केलंत तर पुन्हा दिलेलं काम उशिराचं गणलं जातं. मुदत उलटल्यावर एका स्वल्पविरामासाठी अनसबमिट करू नका.

फाइलबद्दल. नाव साधं ठेवा: विषय, काम, तुमचा क्रमांक. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर वापरले तर शिक्षक सगळ्या फाइल एकत्र डाउनलोड करतात तेव्हा नाव बिघडत नाही. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरं' अशा तीन फाइल ठेवल्या की चुकीची जाते. शेवटी तारीख लिहा. वर्डमध्ये फाइल उघडी असताना त्याच फोल्डरमध्ये '~$' ने सुरू होणारी जवळजवळ त्याच नावाची एक छोटी तात्पुरती फाइल तयार होते. घाईत तीच अपलोड झालेली मी अनेकदा पाहिली आहे. तिच्यात तुमच्या लिखाणातलं काहीही नसतं. म्हणून अपलोड करण्याआधी वर्ड बंद करा. दुसऱ्या प्रकारची चूक लिंकची: गूगल डॉकची लिंक पेस्ट केली, पण परवानगी फक्त स्वतःपुरती. ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगिन न करता, तीच लिंक उघडून पाहा. तुम्हाला उघडली नाही तर शिक्षकांनाही बहुधा उघडणार नाही.

सबमिट केल्यावर लगेच पान बंद करू नका. तिथे दिसणारी तुमचीच फाइल डाउनलोड करून उघडा आणि शेवटच्या पानापर्यंत जा. मग तारीख, वेळ आणि स्थिती दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. ईमेलने पोच येत असेल तर ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे. वाद झालाच तर हाच तुमचा आधार.

टर्निटिनसारखी साधर्म्य तपासणारी सोय जोडलेली असेल आणि पुन्हा पुन्हा काम देण्याची मुभा असेल, तर पहिले तीन अहवाल लवकर मिळतात, पण त्यानंतरच्या प्रत्येक प्रयत्नाच्या अहवालासाठी २४ तास थांबावं लागतं. आपणच मागे धरलेली बुधवारची मुदत इथे कामी येते.

८. वेळ लावलेली क्विझ

क्विझला तीन घड्याळं असतात: उघडण्याची वेळ, बंद होण्याची वेळ आणि सोडवण्याची मर्यादा. मर्यादा ६० मिनिटांची आहे, क्विझ रात्री १२ ला बंद होते आणि तुम्ही ११:४० ला सुरू केलीत, तर तुम्हाला २० मिनिटंच मिळतात. कॅलेंडरमध्ये म्हणूनच बंद होण्याची वेळ लिहू नका, सुरू करण्याची लिहा. ब्राउझर बंद केला तरी घड्याळ चालूच राहतं. नेट गेलं तर घाबरून नवीन प्रयत्न सुरू करू नका, पुन्हा लॉगिन करून तोच प्रयत्न पुढे चालू ठेवा. मूडलमध्ये उत्तरं मधूनमधून आपोआप जतन होत असतात. एकाच क्विझचे दोन टॅब कधीही उघडू नका. लांब उत्तरं वेगळ्या फाइलमध्ये लिहून मग चिकटवा, अर्थात नियमांत ते बसत असेल तर.

९. अडलंच तर

अपलोड होत नसेल तर क्रम असा: त्रुटीचा संदेश आणि घड्याळ दिसेल असा स्क्रीनशॉट, मग दुसरा ब्राउझर, मग दुसरं नेट, आणि तरीही नाही तर मुदतीच्या आतच शिक्षकांना ईमेल, फाइल जोडून. मुदतीनंतर पाठवलेलं स्पष्टीकरण आणि मुदतीआधी पाठवलेली फाइल यांना कुणीही सारखं वजन देत नाही.

मुदतवाढ मागायची असेल तर कारणांची लांबलचक कहाणी नको. मला आवडणारा ईमेल असा असतो: "नमस्कार मॅडम. शुक्रवारी द्यायच्या अहवालाचं वाचन आणि अर्धा मसुदा झाला आहे, तो सोबत जोडला आहे. घरातल्या आजारपणामुळे तीन दिवस काम थांबलं. सोमवारी रात्रीपर्यंत मुदत मिळू शकेल का? न मिळाल्यास शुक्रवारी जेवढं झालं असेल तेवढं सादर करेन." काय झालं आहे, काय राहिलं आहे, नेमकी कोणती तारीख हवी आहे आणि नकार आला तर काय करणार, हे चार वाक्यांत कळतं. हा ईमेल मुदतीच्या दोन दिवस आधी आला तर माझं उत्तर सहसा हो असतं.

१०. गुण आल्यावर, आणि सत्र संपताना

गुण दिसले की फक्त आकडा बघून पान बंद करू नका. शिक्षकांचे शेरे बऱ्याचदा वेगळ्या फाइलमध्ये किंवा तुमच्याच मजकुरावर समासात असतात आणि ते उघडण्यासाठी आणखी एक क्लिक लागतं. पुढच्या कामाच्या पहिल्या नोंदीत त्यातला एक शेरा लिहून ठेवा. सादर केलेल्या एखाद्या कामासमोर शून्य किंवा रिकामी जागा असेल, तर दोन आठवड्यांच्या आत स्क्रीनशॉट जोडून विचारा.

सत्र संपल्यावर अनेक संस्था कोर्स बंद करतात किंवा विद्यार्थ्यांना काढून टाकतात, आणि त्यानंतर स्वतःचंच सबमिशन मिळवणं अवघड होतं. शेवटच्या परीक्षेच्या आठवड्यात एक तास काढून प्रत्येक कोर्समधलं आपलं काम, शेरे, अभ्यासक्रमाची फाइल आणि गुणांच्या पानाचा पीडीएफ स्वतःच्या संगणकावर, विषयवार फोल्डरमध्ये उतरवून घ्या. मग जुनं कॅलेंडर सबस्क्रिप्शन काढून टाका, आणि प्रत्यक्ष लागलेल्या तासांचा रकाना नव्या सत्राच्या यादीत कॉपी करा.